नक्षी वेगळी, माग वेगळा: सोलापूरच्या जेकार्डचा इतिहास

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, की भरतकामासारखी वरून काढलेलीही नसते. कापड आणि नक्षी एकाच मागावर, एकाच वेळी उभ्या-आडव्या धाग्यांच्या गुंफणीतून तयार होतात. असे असूनही नक्षी कोणती उतरायची हे माग ठरवत नाही आणि मागावरचा विणकरही ठरवत नाही. मागाच्या माथ्यावर फिरणाऱ्या, भोके पाडलेल्या कार्डांच्या माळेत ती आधीच लिहून ठेवलेली असते. माळ बदलली की त्याच मागावर, त्याच सुतातून, त्याच कामगाराच्या हातून मोराऐवजी वेलबुट्टी येते. काम करणारे यंत्र आणि कामाचे दिसणारे रूप यांची ही फारकत फ्रान्समध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडली, सोलापुरात ती विसाव्या शतकात रुजली आणि संगणकाच्या क्षेत्रात, विशेषतः वेबसाठी लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावलींत, तिच्यावरून गेली तीस वर्षे वाद चालू आहे. फारकतीने काय साधते, ती कुठवर जाते आणि तिच्यासाठी काय मोजावे लागते, हे तिन्ही प्रश्न सोलापूरच्या मागांवर स्पष्ट दिसतात.

विणकरांचे शहर

सोलापूर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण यांच्या सांध्यावर आहे. बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि विणकरांच्या घरात तेलुगू अशी या शहराची रचना आहे. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थायिक होत गेले आणि शहराचा पूर्व भाग त्यांच्या मागांनी भरला. मार्कंडेय हे या समाजाचे आराध्य असून नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेयाचा रथ हा आजही पूर्व भागातला मोठा उत्सव आहे.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि मुंबईशी माल व सुताची ने-आण सोपी झाली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली ती हीच. त्यानंतर लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्या आल्या म्हणून हातमाग बसले नाहीत. गिरणीचे सूत हातमागाला स्वस्तात मिळू लागले आणि काठापदराची नऊवारी लुगडी हा हातमागाचा माल टिकून राहिला. साधे कापड गिरणी झपाट्याने विणत असे, पण काठ वेगळा, अंग वेगळे, पदर वेगळा असा माल लहान लहान संख्येत विणणे तिला परवडत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोरी ओढून धोटा फेकण्याची सोय असलेला माग सोलापुरात पसरला. एका हाताने धोटा सोडून दुसऱ्या हाताने झेलण्याची गरज संपली आणि विणकाम वेगवान झाले. त्याच सुमारास कारखानदारी वाढली. एका छपराखाली अनेक माग, मालक एक आणि मजुरीवर विणणारे कामगार अनेक, अशी ही पद्धत होती. नक्षीची सूत्रे विणकराच्या हातून दुसऱ्याकडे जाण्यासाठी लागणारी सामाजिक रचना अशा रीतीने कार्डांवर चालणारे जेकार्ड यंत्र येण्याआधीच तयार होती.

हातात असलेली नक्षी

फारकत कशाची झाली हे कळण्यासाठी तिच्याआधीची स्थिती पाहावी लागते. महाराष्ट्रात तिचे उत्तम उदाहरण म्हणजे पैठण आणि येवल्याची पैठणी. पारंपरिक पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाच्या भागासाठी वेगळी लहान कांडी असते. विणकर धागे मोजतो, एका रंगाची कांडी ठरावीक धाग्यांपर्यंत नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत फिरवतो. मोराची मान कुठे वळायची हे त्याला माहीत असते आणि ती वळवतोही तोच. येथे विणण्याची क्रिया आणि नक्षीचा निर्णय एकाच हातात, एकाच क्षणी घडतात. त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी करता येते आणि कोणतीही पूर्वतयारी न करता नवा आकार घालता येतो. पण काम अत्यंत संथ चालते. शिवाय नक्षी विणकराच्या अंगवळणी पडलेली असल्यामुळे ती दुसऱ्याला द्यायची तर त्याला शेजारी बसवून शिकवावे लागते.

दुसऱ्या टोकाला साधा माग आहे. त्यात उभे धागे दोन किंवा चार चौकटींत विभागलेले असतात आणि पायाने पावडी दाबली की एक चौकट वर उचलली जाते. चौकटी जितक्या, तितकेच धाग्यांचे गट स्वतंत्रपणे हलतात. या मागावर डॉबी बसवली की चौकटींची संख्या वाढते आणि कोणत्या ओळीला कोणती चौकट उचलायची हे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या खुंट्यांनी ठरते. लुगड्याच्या काठावरच्या लहान, ठरावीक आकृत्यांना ही सोय पुरते. नक्षी मागाबाहेर काढून एखाद्या वस्तूवर नोंदवण्याची कल्पना येथे आली होती. पण डॉबी धाग्यांचे मोजकेच गट हलवू शकते. गोलाई, पाकळी, पक्षी यांच्यासाठी ते अपुरे पडतात.

बनारसमध्ये हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला गेला. तेथील नक्शबंद कारागीर आकृती धाग्यांच्याच जाळ्यात बांधून ठेवत. मागाजवळ बसलेला मदतनीस त्या जाळ्यातल्या दोऱ्या क्रमाने ओढी आणि त्यानुसार उभे धागे उचलले जात. येथे नक्षी बांधणारा आणि कापड विणणारा अशी दोन माणसे झाली होती. दोघांच्या मध्ये मात्र दोऱ्या ओढणारे तिसरे माणूस लागत होते.

लियाँचे यंत्र

फ्रान्समधील लियाँ शहरात रेशमी कापडाच्या मागांवरही असाच दोऱ्या ओढणारा मदतनीस असे. त्याचे काम यंत्राकडे देण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. बाझील बुशों याने १७२५ मध्ये भोके पाडलेल्या कागदाच्या पट्टीने धागे निवडण्याची युक्ती काढली. फाल्कोंने १७२८ मध्ये पट्टीऐवजी एकमेकांना जोडलेली कार्डे वापरली. वोकांसोंने १७४५ मध्ये निवडीची सगळी यंत्रणा मागाच्या वर नेऊन बसवली. या युक्त्या जुळवून चालणारे, व्यवहारात टिकणारे यंत्र जोसेफ मारी जाकार याने १८०४ मध्ये उभे केले आणि त्याच्याच नावावरून ते जेकार्ड म्हणून ओळखले जाते. १८०५ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला निवृत्तिवेतन देऊन यंत्र सार्वजनिक मालकीचे केले. त्यामुळे ते बनवण्यास कोणालाही आडकाठी राहिली नाही.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक उभा धागा, किंवा एकसारखे हलणारे उभे धागे, एका दोरीने वरच्या एका हुकाला जोडलेले असतात. प्रत्येक हुकामागे एक आडवी सुई असते. चौकोनी दंडगोलावरून फिरणारे कार्ड सुयांवर येऊन टेकते. जेथे भोक आहे तेथे सुई आरपार जाते, हुक जागेवर राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला उचलते. जेथे भोक नाही तेथे सुई मागे ढकलली जाते, हुक सरकतो आणि त्याचा धागा खालीच राहतो. एका कार्डाने एका आडव्या धाग्यासाठीची निवड होते. धोटा गेला की दंडगोल एक पाव वळतो आणि पुढचे कार्ड येते. निर्णय फक्त दोन प्रकारचे असतात, उचल किंवा उचलू नको. वाटेल तितकी गुंतागुंतीची आकृती या दोन उत्तरांच्या लांबलचक यादीत बसते.

सोलापुरातील चादर

विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सोलापुरात जेकार्ड चादरीचे काम हातमागावर रुजले आणि पुढच्या दशकांत ते यंत्रमागावर गेले. पूर्व भागातल्या घराघरांत आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत मागांच्या माथ्यावर कार्डांच्या माळा फिरू लागल्या. जाड सुताची, दुहेरी विणीची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी चादर ही शहराची ओळख ठरली. तिच्या एका बाजूला ज्या रंगात फूल दिसते, त्याच रंगाची दुसऱ्या बाजूला पार्श्वभूमी असते. आकृतीच्या कडेवर वरचे आणि खालचे कापड आपापली जागा बदलते. चादरीच्या टोकाला उत्पादकाचे नावही विणलेले असते. एका बाजूने ते सरळ वाचता येते, दुसऱ्या बाजूने आरशातल्यासारखे उलटे.

ही चादर तयार होताना पहिले काम कागदावर चालते. नक्षीकार चौकटींच्या कागदावर आकृती रंगवतो. कागदावरचा प्रत्येक उभा स्तंभ म्हणजे एक हुक आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक आडवा धागा. रंगवलेला कागद पंचिंग करणाऱ्याकडे जातो. तो एकेक ओळ वाचून एकेक कार्ड पाडतो. पाडलेली कार्डे क्रमाने दोऱ्याने शिवली की माळ तयार होते. तिचे शेवटचे कार्ड पहिल्याला जोडलेले असल्याने ती न थांबता फिरत राहते.

हिशेबासाठी एक उदाहरण घेता येईल. ९० इंच लांबीच्या चादरीत इंचाला ४० आडवे धागे धरले तर एकूण ३,६०० ओळी होतात. प्रत्येक ओळ वेगळी असेल तर ३,६०० कार्डे पाडावी लागतील. तीच आकृती दर १० इंचांनी पुन्हा येत असेल तर ४०० कार्डांत काम भागते. रुंदीतही असेच असते. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, २,४०० धागे आणि यंत्राला २४० हुक असतील तर एका हुकाला दहा ठिकाणचे धागे बांधता येतात आणि रुंदीत आकृती दहा वेळा उमटते. काही बांधणीत दोऱ्या एका मध्यरेषेपासून दोन्हीकडे उलट क्रमाने जोडतात. मग अर्ध्या आकृतीतून डावी-उजवीकडे सारखी पूर्ण आकृती मिळते. काठ आणि टोकाच्या नावासाठी वेगळी कार्डे लागतात. पुनरावृत्ती हा येथे सौंदर्याइतकाच काटकसरीचाही भाग असतो.

कामाची नवी वाटणी

फारकतीमुळे धंद्यातली कामे नव्याने वाटली गेली. सूत रंगवणे, ताणा तयार करून बीमवर गुंडाळणे आणि कांड्या भरणे ही कामे आधीपासून होती. त्यांत नक्षीकार आणि पंचिंग करणारा यांची भर पडली. हे दोघे मागाला हात न लावता कापडाचे रूप ठरवू लागले. मागावरचा कामगार नगावर मजुरी घेऊन विणू लागला आणि त्याचे कसब तुटलेला धागा पटकन जोडण्यात, घट्टपणा सारखा राखण्यात आणि माग चालता ठेवण्यात मोजले जाऊ लागले. चांगली नक्षी आता मालकाच्या कपाटात माळांच्या रूपाने साठवता येत होती. खपलेली नक्षी दोन वर्षांनी पुन्हा काढता येत होती. एका कारखान्यात पाडलेली माळ तितक्याच हुकांच्या आणि तशाच बांधणीच्या दुसऱ्या मागावर चालत होती.

एक गोष्ट मात्र कार्डाबाहेर राहिली, ती म्हणजे रंग. कोणता धागा वर यायचा एवढेच कार्डाला कळते. तो धागा लाल की हिरवा हे बीमवर काय गुंडाळले आहे आणि धोट्यात कोणती कांडी आहे यावर ठरते. म्हणून एकाच माळेतून मरून-पिवळी, निळी-पांढरी, हिरवी-केशरी अशा वेगवेगळ्या चादरी निघतात. पंचिंगचा खर्च एकदाच होतो आणि दुकानात मात्र वाण अनेक दिसतात.

फारकत कुठे थांबते

नक्षी मागापासून वेगळी झाली, पण पूर्णपणे सुटली नाही. पहिली मर्यादा हुकांची आहे. २४० हुकांच्या यंत्रासाठी ४०० स्तंभांची आकृती काढून उपयोग नसतो. दुसरी मर्यादा दोऱ्यांच्या बांधणीची आहे. आकृती रुंदीत किती वेळा यायची आणि उलटून यायची की सरळ, हे मागावर आधीच बांधलेले असते. ते बदलायचे तर शेकडो दोऱ्या सोडून पुन्हा बांधाव्या लागतात आणि तोवर माग बंद राहतो.

तिसरी मर्यादा कापडाच्या मजबुतीची आहे. कागदावर रंगवलेला मोठा सलग ठिपका जसाच्या तसा कार्डावर उतरवला तर तेवढ्या भागात धागा कोठेही न बांधला जाता लोंबता राहील आणि पहिल्या धुण्यातच अडकून ओढला जाईल. म्हणून प्रत्येक रंगाच्या भागात कोणती वीण भरायची हेही कार्डावर यावे लागते. जेकार्डच्या कार्डावर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात, डोळ्यांना दिसणारी आकृती आणि कापड टिकवणारी वीण. कुशल कारागीर त्यांना तयारीच्या पायरीवर वेगळे ठेवतात. कागदावर फक्त आकृती रंगवायची आणि कोणत्या रंगाला कोणती वीण हे पंचिंग करणाऱ्याला सूचनेत सांगायचे. पण ही सोय चालण्यासाठी नक्षीकाराला विणीचे आणि पंचिंग करणाऱ्याला नक्षीचे ज्ञान असावे लागते. दोन कामे वेगळी झाली तरी दोन्ही कामांत एकमेकांची समज लागतच राहिली.

कार्डावरून संगणकाकडे

आज्ञा यंत्राबाहेर लिहून ठेवता येतात ही कल्पना मागावरून गणितयंत्रात गेली. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने १८३० च्या दशकात कल्पिलेल्या ‘अ‍ॅनालिटिकल इंजिन’ला आज्ञा आणि आकडे देण्यासाठी जेकार्डसारखीच कार्डे योजली होती. १८३९ मध्ये लियाँत विणलेले जाकारचे रेशमी चित्र बॅबेजच्या संग्रहात होते. ते चित्र विणायला सुमारे २४,००० कार्डे लागली होती. एडा लव्हलेसने १८४३ च्या आपल्या टिपणांत या यंत्राची विचारपद्धती जेकार्डच्या आधाराने समजावून सांगितली. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने माहिती मोजण्यासाठी भोकांची कार्डे वापरली आणि विसाव्या शतकात बराच काळ संगणकांना आज्ञा कार्डांवरूनच दिल्या जात.

संगणकाच्या आतही पुढे तोच प्रश्न आला. डच संगणकशास्त्रज्ञ एड्‌स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९७४ च्या एका लेखात एका वेळी एकाच बाजूचा विचार करण्याची शिस्त मांडली. १९७९ मध्ये नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करत होते. त्यांनी पडद्यावरच्या कार्यक्रमांचे तीन भाग पाडले. माहिती आणि तिचे नियम सांभाळणारे मॉडेल, ती दाखवणारा व्ह्यू आणि वापरणाऱ्याच्या कृती झेलणारा कंट्रोलर. एकच मॉडेल तक्त्यातही दिसावे आणि आलेखातही, व्ह्यू बदलल्याने हिशेब बदलू नये, हा त्यामागचा हेतू होता.

वेबच्या आखाड्यातला वाद

१९९० च्या दशकात वेबवर याच्या उलट घडले. सुरुवातीचे कार्यक्रम पानाची मांडणी ओळीओळीने छापत असत. रास्मुस लर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसमोर आणलेल्या पीएचपी या भाषेत पानाच्या मजकुरातच आज्ञा लिहिता येऊ लागल्या. मायक्रोसॉफ्टचे एएसपी १९९६ मध्ये आले आणि तेही याच पद्धतीचे होते. सुरुवात करायला हे सोपे होते, जशी पैठणीत नवी पाकळी लगेच घालता येते. पण माहितीकोशाकडे केलेली विचारणा, किमतीचा नियम आणि तक्त्याची रुंदी एकाच फाइलमध्ये मिसळली. मांडणी करणाऱ्याने रंग बदलताना हिशेब बिघडे आणि हिशेब दुरुस्त करताना मांडणी विस्कटे.

फारकत दोन पातळ्यांवर सुरू झाली. मजकूर आणि त्याचे रूप वेगळे ठेवण्यासाठी हाकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसचा प्रस्ताव मांडला आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये त्याची पहिली प्रमाण आवृत्ती निघाली. कार्डांना हात न लावता कांडी बदलून चादरीचा रंग बदलावा तसे यामुळे पानाचे रूप स्वतंत्रपणे बदलता येऊ लागले. दुसरीकडे रीन्सकाउग यांची तीन भागांची रचना वेबसाठी घेणारी फ्रेमवर्क, म्हणजे आज्ञावलींचे तयार सांगाडे, आली. जावासाठी क्रेग मॅक्लॅनहन यांचे स्ट्रट्स २००० मध्ये, डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांचे रुबी ऑन रेल्स २००४ मध्ये आणि पायथॉनसाठी जॅंगो २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. जॅंगो अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहरात एका वृत्तपत्राच्या वेब विभागात घडले.

फारकत हवी याबद्दल फारसे दुमत नव्हते. वाद रेघ कुठे ओढायची यावर होता. पानाच्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, किती तर्क चालू द्यावा? संगणकशास्त्रज्ञ टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये मांडलेली भूमिका कडक होती. साच्याने मिळालेली मूल्ये फक्त दाखवावीत, हिशेब करू नये, माहिती बदलू नये. एकदा मुभा दिली की घाईत असलेला प्रत्येक जण नियम साच्यात कोंबतो, असे त्यामागचे कारण होते. जॅंगोच्या साच्यांची भाषाही मुद्दाम तोकडी ठेवलेली आहे, म्हणजे मांडणी करणाऱ्याला ती आज्ञावली न शिकता वापरता यावी. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की दाखवण्याचाही एक तर्क असतो. एकाआड एक ओळ गडद करणे, यादी रिकामी असेल तर वेगळा मजकूर दाखवणे, हे धंद्याचे नियम नाहीत आणि ते साच्यातच शोभतात. पीएचपी मुळातच साच्यासारखी भाषा असताना तिच्यावर आणखी एक साच्याची भाषा का चढवायची, हा प्रश्नही याच बाजूने विचारला गेला.

२०१३ मध्ये फेसबुकने वेबपाने घडवण्याचे रिॲक्ट हे साधन खुले केले तेव्हा वादाने वेगळे वळण घेतले. रिॲक्टमध्ये पानाचा भाग आणि त्याच्या वागण्याच्या आज्ञा पुन्हा एकाच फाइलमध्ये आल्या. त्यावर टीका झाली. समर्थकांचे उत्तर असे होते की मांडणी एका फाइलमध्ये आणि आज्ञा दुसऱ्या फाइलमध्ये ठेवल्याने केवळ भाषा वेगळ्या होतात, जबाबदाऱ्या नव्हे. एक बटण, त्याचा मजकूर आणि त्याचे वागणे ही एकच जबाबदारी असून तोडायचे तर घटकाघटकांच्या सीमेवर तोडावे.

दोन्ही बाजूंचे मुद्दे जेकार्डच्या कार्डावर सापडतात. नक्षी मागावर बांधून न ठेवता बाहेर लिहिली म्हणूनच सोलापूरचा धंदा वाढला, हे पहिल्या बाजूचे बळ आहे. आकृती आणि वीण एकाच कार्डावर यावी लागते, कारण त्यांतली एक दुसरीशिवाय टिकत नाही, हे दुसऱ्या बाजूचे. फ्रेमवर्कमधली रेघही बहुधा माणसांच्या वाटणीप्रमाणे पडते. वृत्तपत्रात मांडणी करणारा आणि आज्ञावली लिहिणारा वेगळे होते, तेथे तोकडा साचा उपयोगी पडला. दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली, तेथे घटकाची सीमा सोयीची ठरली.

मागावर आलेला संगणक

कार्डाची कल्पना संगणकाने उचलली आणि पुढे संगणक मागावर परतला. ब्रिटनच्या बोनास कंपनीने १९८३ च्या मिलान येथील यंत्रप्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आणले. त्यात कार्ड आणि सुया नसतात. प्रत्येक हुकाची उचल विद्युतचुंबकाने ठरते आणि नक्षी फाइलच्या रूपात असते. सोलापुरातही धोट्याविना चालणाऱ्या रेपियर मागांबरोबर अशी यंत्रे आली, प्रामुख्याने टॉवेलच्या उत्पादनात. जुने यंत्रमाग आणि कार्डांच्या माळाही त्यांच्या शेजारी चालू राहिल्या.

इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्ये चौकटींच्या कागदाची जागा पडद्याने घेतली. आकृती एका थरात रंगवायची आणि प्रत्येक रंगाला वेगळ्या सूचीतून वीण जोडायची, अशी सोय नक्षीच्या आज्ञावलीत असते. पंचिंग करणाऱ्याला तोंडी किंवा कागदावर दिली जाणारी सूचना आता यंत्राच्या भाषेत लिहिली जाऊ लागली. कार्डावर एकत्र झालेल्या आकृती आणि वीण या दोन गोष्टी तयारीच्या टप्प्यावर खऱ्या अर्थाने सुट्या झाल्या. वीण बदलून तीच आकृती जाड किंवा पातळ कापडावर घेता येते. कार्डांची संख्या हा खर्चाचा प्रश्न उरला नाही, त्यामुळे दर १० इंचांनी आकृती पुन्हा आणण्याची सक्तीही संपली. हुकांची संख्या आणि दोऱ्यांची बांधणी यांची मर्यादा मात्र कायम राहिली. अशा यंत्रांवर पंचिंगचे काम संपले आणि ते करणारी कसबी माणसे तेथून बाजूला झाली.

नक्कल आणि नाव

मागाबाहेर लिहिलेली नक्षी साठवता येते, तशी ती उचलताही येते. पैठणीची नक्कल करायला तितक्याच कसबाचा विणकर लागतो. जेकार्ड चादर समोर ठेवून तिचे धागे मोजले की चौकटींच्या कागदावर तिची आकृती उतरवता येते आणि माळ पाडता येते. फाइलच्या काळात तर हे मोजणेही लागत नाही. शहरात एका कारखान्याची खपलेली नक्षी दुसऱ्याकडे दिसणे नवे नव्हते. मोठा फटका बाहेरून बसला. पानिपतसारख्या केंद्रांत तयार झालेला स्वस्त माल सोलापुरी चादर म्हणून विकला जातो, ही तक्रार येथील उत्पादक वर्षानुवर्षे करत आले आहेत. चादरीच्या टोकाला विणलेले ‘सोलापूर’ हे नावही शेवटी कार्डावरच लिहिलेले असल्याने तेही कोठेही विणता येते.

भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. पहिल्या काही वर्षांतच सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांची त्याखाली नोंद झाली आणि ‘सोलापुरी चादर’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. ते नावाला आणि प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाला आहे, एखाद्या फुलाच्या किंवा मोराच्या आकृतीला नाही. आकृतीसाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. त्याखाली नव्या आकृतीला १० वर्षे आणि पुढे वाढवून आणखी ५ वर्षे हक्क मिळतो. पण आकृती बाजारात येण्याआधी नोंदवावी लागते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नमुन्यांना तो लागू होत नाही. माग, जागा आणि नाव यांवर हक्क सांगणे सोपे असते. त्यांपासून सुटलेल्या नक्षीवर तो सांगणे आजही अवघड आहे.

गेल्या काही दशकांत चादरीची मागणी उतरली आणि सोलापूरचे अनेक माग टेरी टॉवेलकडे वळले. टॉवेलचा माग वेगळा असतो. त्यात वेढे उठवण्यासाठी दोन ताणे लागतात, एक घट्ट आणि एक सैल. विणण्याची यंत्रणा नव्याने घ्यावी आणि शिकावी लागली. आकृती चौकटींत मांडणे, रंगाला वीण ठरवणे, पुनरावृत्तीचा हिशेब बसवणे आणि टोकाला नाव विणणे हे ज्ञान मात्र चादरीवरून टॉवेलवर तसेच आले, कारण ते कधीच एका मागाला बांधलेले नव्हते.